विचारलेल्या नावांची वही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे वस्तू-सेवा कराच्या बदललेल्या दरांवर लेख मागितला होता. त्या विषयावर मजपेक्षा अधिक अधिकाराने लिहू शकणारे सभासद आपल्यात आहेत, आणि कराचे दर स्मरणिका छापून हाती येईपर्यंत पुन्हा बदलतात असाही आपला अनुभव आहे. म्हणून संपादकांची क्षमा मागून मी निराळाच विषय घेतला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या नावे आज कोठेतरी एक वही लिहिली जात आहे. तिच्यातील एकही ओळ आपण स्वहस्ते लिहिलेली नाही, ती कोण लिहितो हे बहुतेकांस ठाऊक नाही, आणि पाहावयास मागितली तर ती सहजासहजी कोणी पुढे करणार नाही. आपण मोबाइलवर वा संगणकावर दिवसभरात ज्या ज्या संकेतस्थळांची नावे विचारतो, त्या विचारण्याची ती नोंदवही होय.

मी शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे. यंत्रशास्त्राचा माझा अभ्यास नाही. जे काही समजले ते बंगळूरला संगणकाच्या कंपनीत असलेल्या पुतण्याकडून आणि थोडे वाचनातून समजले. परंतु वही म्हणजे काय, ती कोणाच्या हाती असावी आणि कोणाच्या हाती पडू नये, हे कोणाही व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही.

प्रथम हे नाव विचारणे म्हणजे काय ते पाहू. संगणकांच्या जगात प्रत्येक ठिकाणास एक क्रमांक असतो. माणसास क्रमांक लक्षात राहत नाहीत, म्हणून ठिकाणांस नावे दिलेली असतात. आपण विवरणपत्र भरावयास जीएसटीच्या संकेतस्थळाचे नाव घालतो, तेव्हा आपले यंत्र आधी एका माहितगार संगणकास विचारते की, या नावाचा क्रमांक काय? क्रमांक मिळाल्यावरच पुढचे संधान जुळते. या व्यवस्थेस डोमेन नेम सिस्टिम, संक्षेपाने डीएनएस, असे म्हणतात. जुन्या सभासदांना १९७ हा क्रमांक आठवत असेल. जाड डिरेक्टरीत एखाद्या पेढीचा नंबर सापडला नाही की आपण १९७ फिरवीत असू, नाव सांगत असू, आणि पलीकडून नंबर सांगितला जाई. डीएनएस म्हणजे यंत्रांचे १९७ होय. हा माहितगार संगणक बहुधा आपणास इंटरनेट विकणाऱ्या कंपनीचाच असतो. त्यास उत्तर ठाऊक नसले तर तो वरच्या संगणकांस विचारतो. सर्वांत वर ए पासून एम पर्यंतच्या तेरा अक्षरांनी ओळखली जाणारी मूळ ठाणी आहेत. एकदा मिळालेले उत्तर तो काही काळ ध्यानात ठेवतो, मुरलेल्या दलालाने कालचा भाव ध्यानात ठेवावा तसे.

आरंभी ही सर्व नावे एकाच यादीत मावत असत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालील मंडळी ती यादी ठेवीत. यादी वाढत गेली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ती अनेक ठिकाणी वाटून ठेवण्याची आजची पद्धत आखली. त्या काळी त्या जाळ्यावर विद्यापीठे, प्रयोगशाळा व सरकारी कचेऱ्याच होत्या. 'नाव विचारणारा कोण' हे झाकून ठेवावे अशी गरज कोणास भासली नाही. परिणाम असा झाला की प्रश्न उघड्या पोस्टकार्डासारखा जाऊ लागला, आणि पुष्कळ अंशी तो आजही तसाच जातो. बँकेच्या संकेतस्थळावर कुलपाचे चिन्ह दिसते व आपला मजकूर त्या कुलपात सुरक्षित असतो हे खरे. पण त्या बँकेचा क्रमांक आपण विचारला हे पोस्टकार्ड आधीच निघून गेलेले असते.

कोणी म्हणेल, नाव विचारले एवढेच ना? आत काय बोललो हे तर कोणास कळले नाही! यावर आपल्याच पेठेतील जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. माझ्या लहानपणी परगावी बोलावयाचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते, आणि ऑर्डिनरी कॉल लागेपर्यंत कित्येकदा बाजार उठून जाई. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांचे कॉल सिन्नरकडे विडी कारखानदारांना, नडियाद-आणंदकडे तिकडच्या पिकाची खबर घ्यावयास. आम्हा धान्यवाल्यांचे लातूर, बार्शी, गुलबर्ग्याकडे. ऑपरेटर मंडळी बहुतांशी सज्जन होती व ती बोलणे ऐकत असत असे मी म्हणणार नाही. पण बोलणे ऐकण्याची आवश्यकताच नव्हती. अमुक पेढीने सकाळपासून गुलबर्ग्याला तीन अर्जंट कॉल नोंदविले एवढे जरी बाहेर फुटले, तरी तुरीत काहीतरी हालचाल आहे हे पेठेस कळे. म्हणून आमचे वडील मोठ्या खरेदीच्या दिवशी एखादा कॉल नातलगाच्या घरून नोंदवीत. संभाषण झाकलेले असूनही, कोणाशी संभाषण झाले यावरून अर्धा व्यवहार उघडा पडतो हे त्यांस पक्के ठाऊक होते.

ही काळजी आपल्याच गावची होती असे नाही. अमेरिकेतील कॅन्सस शहरात आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीचे साहित्य व व्यवस्था पुरविण्याचा धंदा करीत. त्यांच्याविषयी असे सांगतात की, प्रतिस्पर्ध्याच्या घरची बाई टेलिफोन ऑपरेटर होती आणि स्ट्राउजरांना विचारणाऱ्यांचे फोन आपल्याच घरी वळत असत. खरेखोटे कसेही असो, या गृहस्थांनी चिडून, मधले माणूसच नको, असे यंत्र शोधून काढले व १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. स्वयंचलित एक्स्चेंजचा उगम तो. आपल्या देशात ऑपरेटरवाचून परगावी थेट फोन लावण्याची सोय प्रथम १९६० मध्ये कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान झाली आणि आपल्याकडे यावयास आणखी बराच काळ गेला. ती आली तेव्हा व्यापाऱ्यांस आनंद झाला तो वेळ वाचल्याचा तर होताच, पण मधले कान गेल्याचाही होता. गंमत पाहा, डीएनएसच्या रूपाने तेच मधले माणूस पुन्हा आपल्या ओट्यावर येऊन बसले आहे, आणि या वेळी ते विसरतही नाही.

ट्रंक कॉल दिवसाला चार-पाच होत. फोन नावे विचारतो ती शेकड्यांनी, आणि त्यांतील बहुतेक आपण हात न लावताच. त्यात बसविलेली ॲप्स आपापल्या धन्यास हाक मारीत असतात. केवळ वेळा पाहिल्या तरी माणूस केव्हा उठतो, केव्हा निजतो, रात्री झोप येत नाही काय, हे कळते. नावे पाहिली तर विचारूच नका. कोणत्या बाजार समितीचे भाव पाहिले, कोणत्या सावकारी ॲपची चौकशी केली, कोणत्या रोगाच्या रुग्णालयाचे नाव मध्यरात्री विचारले, कोणत्या वधूवर-सूचक संस्थेकडे घरातून विचारणा झाली, कोणत्या वकिलाकडे झाली. हे सर्व एका खाली एक, तारीख-वार वेळेसह. माझ्या मते रोजमेळापेक्षाही ही वही नाजूक आहे. रोजमेळात घडलेले व्यवहार असतात. या वहीत माणसाच्या मनात नुकतीच आलेली शंकाही उतरते.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या पेढीवर वाय-फायचा नवा राउटर बसवावयास एक तरुण कारागीर आला. हुशार मुलगा. काम आटोपल्यावर त्याने उत्साहाने स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला व म्हणाला, "अण्णा, दुकानात कोण काय बघतंय ते सगळं तुम्हाला घरबसल्या दिसतंय बघा. जादा पैसे काय नाहीत त्याला." त्यावर प्रत्येक फोनचे नाव, वेळ व विचारलेली संकेतस्थळे अशी यादी होती. दिवाणजींच्या फोनपुढे मूत्रपिंडाच्या उपचारासाठी नावाजलेल्या एका रुग्णालयाचे नाव चार वेळा होते. त्याखाली झटपट कर्ज देणाऱ्या दोन ॲपची नावे होती. दिवाणजी आमच्याकडे बावीस वर्षे आहेत. त्या क्षणी ते समोरच्या गादीवर बसून हुंड्यांचे व चेकांचे टाचण करीत होते.

मी त्या मुलास ती सोय तेथेच बंद करावयास सांगितले व संध्याकाळी दुकान वाढविण्यापूर्वी सर्वांस एकत्र बोलावून, हे यंत्र असे करू शकते व ते बंद ठेवले आहे, हे सांगितले. दिवाणजींनी काही विचारले नाही. मजपुढे मात्र पेच पडला. त्यांनी न सांगितलेली गोष्ट मला कळली होती. मदत करावी तर मी कळल्याचे उघड होणार. न करावी तर जाणून गप्प बसल्यासारखे होणार. पुढे दीड महिन्याने त्यांनी स्वतः होऊन उचल मागितली, कारण सांगितले, आणि तो प्रश्न सुटला. पण त्या दीड महिन्यात त्यांच्याशी पूर्वीसारखे मोकळे बोलणे मला जमले नाही हे खरे. हा मजकूर लिहिण्यापूर्वी मी दिवाणजींना सर्व सांगितले व छापू काय असे विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाव घालू नका, अण्णा. बाकी लिहा." त्याप्रमाणे केले आहे.

आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांपाशी मी हा विषय काढला तेव्हा त्यांचे म्हणणे पडले की, दुकान आपले, वीज आपली, इंटरनेटचे बिल आपण भरणार, मग त्यावर काय चालते ते पाहण्याचा अधिकार आपला नाही तर कोणाचा? प्रश्न वाजवी आहे व तो टाळून चालणार नाही. कामाच्या वेळी गुमास्ता क्रिकेट पाहत बसला तर धन्याने डोळे मिटावेत असे कोणी म्हणत नाही. पण हमाल कामाला लागताना आपला सदरा आपल्या गोदामातील खुंटीला लावतो. खुंटी आपली म्हणून खिसा आपला होत नाही. आपल्या श्रावकाचारात अचौर्याची व्याख्याच अदत्तादान न करणे, म्हणजे न दिलेले न घेणे, अशी आहे. ती वस्तूला लागू आणि माहितीला लागू नाही असे मानण्यास मला आधार सापडत नाही.

आता मोठ्या वहीकडे, म्हणजे कंपन्यांच्या वहीकडे वळू. येथे आपल्याच राज्यातील एक उदाहरण आहे. २०१५ च्या जूनमध्ये बंगळूरच्या एका संगणकतज्ज्ञाला असे आढळले की, तो एअरटेलच्या थ्री-जी जोडणीवरून स्वतःचे पान उघडतो तेव्हा त्या पानात त्याने न लिहिलेला काही मजकूर, म्हणजे यंत्रास द्यावयाच्या सूचना, मध्येच घुसलेला असतो. त्याने तो पुराव्यासह प्रसिद्ध केला. त्यावर तो मजकूर बनविणाऱ्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्राएली कंपनीच्या वतीने त्यालाच वकिलाची नोटीस आली! ग्राहकास आपला डेटा किती खर्च झाला हे कळावे यासाठीचा तो प्रयोग होता, असा खुलासा एअरटेलने केला. हेतू तसाच असेलही. पण ज्याच्या पानात हात घातला त्यास आधी विचारले नव्हते, आणि मुद्दा तेवढाच आहे. इंग्लंडात याहून मोठे प्रकरण झाले. तेथील ब्रिटिश टेलिकॉम कंपनीने २००६ व २००७ मध्ये फॉर्म नावाच्या जाहिरात कंपनीचे यंत्र वापरून, ग्राहक काय पाहतात यावरून त्यांस जाहिराती दाखविण्याचे प्रयोग केले, तेही हजारो ग्राहकांस न कळविता. २००८ मध्ये ते उघडकीस आल्यावर गदारोळ झाला. अमेरिकेत २०१६ मध्ये असा नियम करण्यात आला होता की, इंटरनेट कंपनीने ग्राहकाच्या पाहण्याचा इतिहास वापरण्यापूर्वी त्याचा स्पष्ट होकार घ्यावा. २०१७ च्या एप्रिलमध्ये, तो अमलात येण्यापूर्वीच, तो रद्द झाला. मोठमोठ्या देशांतही ही गोष्ट अशी डळमळीत आहे.

आपल्याकडे पाया घातला तो कर्नाटकाच्याच एका वृद्ध गृहस्थांनी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या प्रश्नावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने निर्णय दिला की, खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. न्यायमूर्ती २०२४ मध्ये निवर्तले. नव्वदी ओलांडलेल्या या गृहस्थांचे नाव त्या निर्णयाबरोबर कायमचे जोडले गेले आहे.

त्यानंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. व्यापाऱ्यांवर येणारी मुख्य बंधने त्या तारखेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, लागू व्हावयाची आहेत. या कायद्यात संमती कशास म्हणावे हे सांगितले आहे व ते प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी, आणि ती स्पष्ट होकाराच्या कृतीने दिलेली असावी. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. दिलेली संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने या कायद्यातील एक कलम मला विशेष मोलाचे वाटते. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची निवड माणसास मिळाली पाहिजे. त्या परिशिष्टात मराठी आहे, कन्नड आहे. बेळगाव-निपाणीकडे एकाच घरात आजी मराठी वाचते, नातू शाळेत कन्नड शिकतो आणि सिमकार्डाचा फॉर्म इंग्रजीत असतो, ज्यावर दुकानदार बोटाने दाखवितो तेथे सर्वजण सही करतात. अशा सहीस माहितीपूर्वक संमती म्हणणे ही थट्टा आहे. बंधने अमलात आल्यावर मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन, "हे मला माझ्या भाषेत वाचावयाचे आहे," असे म्हणण्यास कोणी संकोच करू नये. यात कोणत्याही भाषेचा दुसऱ्या भाषेशी वाद नाही.

तथापि कायद्याने सर्व काही आपल्या मुठीत दिले आहे असे समजू नये. कोणत्या ग्राहकाने कोणत्या क्रमांकाशी केव्हा संधान जोडले याच्या नोंदी इंटरनेट कंपन्यांनी कमीत कमी दोन वर्षे ठेवाव्यात अशी परवान्याची अट २०२१ च्या डिसेंबरपासून आहे. गुन्ह्याच्या तपासास त्या लागतात, व आपल्यापैकी ज्यांचे पैसे ठकांनी लांबविले आहेत ते त्याविरुद्ध बोलणार नाहीत. तसेच नोकराच्या बाबतीत, धन्याचे नुकसान टाळण्यासाठी लागेल तेवढी माहिती संमतीवाचून वापरण्याची मोकळीक नव्या कायद्याने धन्यास दिली आहे. मोकळीक आहे म्हणून ती शेवटच्या पैपर्यंत वसूल करावी असे मात्र मला वाटत नाही.

नावांवर लक्ष ठेवण्याचा उपयोगही आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. फोनात किंवा संगणकात विषाणू शिरला म्हणजे तो आपल्या चोर धन्यास हाक मारतो, आणि ती हाक डीएनएसमध्ये उमटते. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते खोटे नाव कोणी विचारले तर तेथेच अडविता येते. क्वाड-नाइन नावाची एक सेवा २०१७ पासून अशी धोक्याची नावे अडवून धरते. हे पेठेच्या नाक्यावरील राखणदाराचे काम झाले. याच कामासाठी संशोधक विचारलेल्या नावांचा मोठा साठा करतात. त्यांतील विचारी मंडळी आपले यंत्र अशा जागी बसवितात की, नाव विचारले गेले एवढे कळावे, कोणी विचारले ते कळू नये. म्हणजे ते ग्राहक आणि माहितगार संगणक यांच्या मध्ये न बसता त्या माहितगाराच्या पलीकडे बसतात. आपल्या बाजार समितीच्या फलकावर आजची ज्वारीची आवक इतकी, हरभऱ्याची इतकी, असे लिहितात व कोणत्या शेतकऱ्याने किती आणले ते लिहीत नाहीत. तोच हा भेद. आवक सर्वांस कळावी. पोते ज्याचे त्याचे.

नाव काढून टाकले म्हणजे काम भागले, असेही नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने सुमारे ६,५०,००० ग्राहकांनी काय काय शोधले याची यादी अभ्यासकांसाठी प्रसिद्ध केली. नावांच्या जागी नुसते आकडे घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यांतील एका आकड्याचे शोध वाचून त्यामागची एक वृद्ध महिला शोधून काढली व तिच्या दारात जाऊन उभे राहिले. आपल्या पेठेत तर आकडाही लागत नाही. "कोपऱ्यावरचा गुळाचा व्यापारी" म्हटले की झाले.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, व्यापाऱ्याने गुप्ततेचे गोडवे गावे हे संशयास्पद आहे. खरे आहे. एके काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असत. शेजारी उभ्या शेतकऱ्यास आपल्याच मालाची बोली कळत नसे. नियमित बाजार आल्यावर उघडा लिलाव आला, ते योग्यच झाले. पण तेथे झाकले जात होते ते ज्याचा माल त्याच्यापासूनच. येथे ज्याची माहिती त्यालाच अंधारात ठेवून ती तिसऱ्याने पाहावयाची आहे. जुन्या रुमालाखाली कोणाचा हात आहे, एवढेच बदलले आहे.

पोस्टकार्डाचे पाकीट करण्याचे उपायही निघाले आहेत. डीएनएसचा प्रश्न कुलूपबंद करून पाठविण्याच्या दोन रीती २०१६ व २०१८ मध्ये ठरल्या. अँड्रॉइड फोनांत २०१८ पासूनच्या आवृत्तीत, सेटिंगमध्ये, 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सोय आहे. घरातील कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी ती पाच मिनिटांत लावून देईल. मात्र तेवढ्याने निश्चिंत होऊ नये. प्रश्न आता आपल्या इंटरनेट कंपनीऐवजी दुसऱ्या कोणाकडे जातो, उदाहरणार्थ २००९ पासून ही सेवा देणाऱ्या गूगलकडे किंवा २०१८ पासून देणाऱ्या क्लाउडफ्लेअरकडे. दलाल बदलला, दलाली राहिलीच. क्लाउडफ्लेअरने विचारणाऱ्याच्या नोंदी सुमारे एका दिवसात पुसून टाकण्याचे वचन दिले, व ते पाळले जाते की नाही हे केपीएमजी या हिशेबतपासनिसांकडून तपासून घेऊन २०२० मध्ये अहवाल जाहीर केला. वचन देऊन त्याची तपासणी करू देणे ही चाल मला पसंत पडली. शिवाय कुलूपबंद पाकिटातून प्रश्न गेला तरी पुढे त्या ठिकाणाशी संधान जोडताना त्याचे नाव पुष्कळदा पुन्हा उघड्यावर येते. भारतातील काही कंपन्या नेमके तेच नाव पाहून बंदी घातलेली संकेतस्थळे अडवितात, हे बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेतील अभ्यासकांनी दाखविले आहे. तेव्हा यंत्राने यंत्रावर मात करण्याचा हा खेळ चालूच राहील. विचारून घेण्याचे काम माणसालाच करावे लागेल.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यासाठीच हा लेख लिहिला. समाजाच्या विद्यार्थी वसतिगृहात वाय-फाय द्यावे व मुलांवर लक्ष ठेवणारी यादीही चालू करावी, अशी सूचना गेल्या सभेत आली. सूचना करणारे मुलांच्या कळकळीनेच बोलत होते. घाणेरडी व जुगाराची संकेतस्थळे अडवावीत याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दार लावून घेण्यास कोणाची वही लागत नाही. नावानिशी यादी ठेवणे ही गोष्ट वेगळी. नव्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. त्याची माहिती घेण्यास पालकांची, पडताळून पाहता येईल अशी, संमती लागते, आणि बालकांच्या वागण्याचा माग ठेवण्यास मनाई आहे; शिक्षणसंस्थांना शिक्षणाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती काही सूट दिलेली आहे. त्या सुटीत वसतिगृह किती बसते हे वकिलास विचारून घ्यावे. पण कायदा बाजूस ठेवला तरी, सोळा वर्षांचा मुलगा रात्री आपल्या मनाची व्यथा कोणास सांगावी म्हणून एखादे नाव विचारतो, आणि सकाळी ते गृहपालांच्या मोबाइलवर दिसते, असे आपणास हवे आहे काय? मला नको आहे. माझा नातूही पुढील वर्षी तेथेच राहावयास जाणार आहे, म्हणून हे अधिक आग्रहाने लिहीत आहे.

दुकानदार सभासदांनी काय करावे याविषयी मी इतकेच सुचवितो की, ज्याला यादी ठेवणे खरोखर आवश्यक वाटते त्याने ती का ठेवतो, किती दिवस ठेवतो व कोण पाहतो हे कामगारांस तोंडाने सांगून व फलकावर लिहून मगच ठेवावी. आठ दिवसांपलीकडे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. पाहुण्यांचे व गिऱ्हाइकांचे वाय-फाय वेगळे असावे व त्यावर नोंद नसावी. राउटर बसविणाऱ्यास जुना संकेतशब्द बदलून द्यावयास सांगावे आणि त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर आपली यादी राहिली नाही ना, हे समोर उभे राहून पाहावे. पुष्कळ पेढ्यांवर ही शेवटची गोष्ट कोणीच पाहत नाही.

संघाच्या कार्यालयातही वाय-फाय आहे व तेथे सभासद, ट्रकचालक, शेतकरी असे अनेकजण ते वापरतात. तेथे लावावयाच्या सूचनाफलकाचा मसुदा मी मराठीत केला आहे. कन्नड मसुदा चिकोडीच्या एका सभासदांच्या कन्येने करून दिला. ती कायद्याची पदवीधर आहे व तिने माझ्या मराठीतील दोन चुका काढल्या. दोन्ही मसुदे सर्वसाधारण सभेपुढे वसतिगृहाच्या सूचनेबरोबरच ठेवण्यात येतील. ज्यांना त्यापूर्वी वाचावयाचे असतील त्यांनी कार्यालयात दुपारी तीन ते सहा या वेळात मागून घ्यावेत. वसतिगृहातील मुलांच्या पालकांनी, विशेषतः मातांनी, सभेस अवश्य यावे. त्या दिवशी संमती त्यांचीच विचारावयाची आहे.